गुडघा दुखतो म्हणजे संधिगत वातच का?

गुडघ्याचा रुग्ण आला की संधिगत वात असे निदान लिहावे, योगराज गुग्गुळ द्यावा आणि जानुबस्ती सुरू करावी, असा परिपाठच आपल्या व्यवसायात पडून गेला आहे. उतारवयातील झिजेत त्याने अनेकांना उपशम मिळतो, हे मान्य. परंतु कबड्डी खेळताना पाय रोवलेला राहिला, अंग मात्र वळले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, अशी हकीकत सांगणारा विशीतला तरुण हा आगंतु व्याधीचा रुग्ण होय. सुश्रुताचार्यांनी जानु हे वैकल्यकर मर्म मानले, त्याच्या आघाताने खंजता येते असे सांगितले. हे सर्व आपण परीक्षेपुरते पाठ करतो!

मांडीच्या हाडाचे टोक गोल, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. या विजोड जोडीचा मेळ मेनिस्कस नावाच्या दोन अर्धचंद्राकृती कूर्चा बसवितात. पाय सरळ असताना सांध्यावरील सुमारे निम्मा भार त्यांच्यावर असतो. गुडघा ९० अंशांत वाकला की तो ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. आतल्या बाजूची कूर्चा बाजूच्या बंधाला घट्ट चिकटलेली, त्यामुळे कमी सरकणारी. वाकलेल्या, भारलेल्या गुडघ्याला पीळ पडला की तिला इजा होण्याचा संभव मोठा. शिवाय प्रौढांत रक्तपुरवठा केवळ बाहेरच्या काठाला असतो, हे आर्नोझ्की व वॉरेन यांनी १९८२ साली दाखवून दिले. काठाची चीर सांधू शकते. आतली सहसा नाही. ‘झिजलेली गादी पूर्ववत होते’ असे वेष्टनावर छापणाऱ्या औषधनिर्मात्या बंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

गुडघा अडकत असेल, पूर्ण सरळच होत नसेल, तर फाटलेला तुकडा सांध्यात अडकल्याची शंका घ्यावी. अशा वेळी जोर लावून मर्दन करणे हा अपचारच. रुग्णास विनाविलंब अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. शिवता येण्याजोगी चीर दिरंगाईत हातची जाते.

मात्र पन्नाशीपुढचा रुग्ण एमआरआयचा अहवाल घेऊन घाबराघुबरा आला, तर गोष्ट निराळी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमधील २०१३ च्या चाचणीत, आघाताविना झिजून फाटलेली कूर्चा दुर्बिणीतून छाटणे हे लटक्या शस्त्रक्रियेहून वर्षअखेर सरस ठरले नाही. कूर्चा काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेची चिन्हे दिसतात, हे तर फेअरबँक यांनी १९४८ सालीच नोंदविले होते. अशा रुग्णास मांडीचे बळ वाढविणारा व्यायाम नेमून द्यावा, वजन उतरवावे, स्नेहन-स्वेदनाची जोड द्यावी. येथे आपल्याला खरोखर वाव आहे. फक्त ‘दुखणे कधी व कसे सुरू झाले’ हा प्रश्न तेलाची वाटी गरम करण्यापूर्वी विचारलेला असावा.