कुंचल्याचे सोंग

संगणकावरील अक्षरठशांत हल्ली एका जातीचा मोठा सुकाळ झाला आहे. ही अक्षरे कुंचल्याने रेखाटल्यासारखी दिसतात: शिरोरेषा डुलती, काने फुगीर, रेघेचा शेवट रंग संपल्यागत विरलेला. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मिठाईच्या दुकानावर, लग्नपत्रिकेवर, झाडीपट्टीतील नाटकांच्या जाहिरातींत ती शोभतात. येथवर आमची तक्रार नाही. परंतु तीच अक्षरे शाळेच्या पाटीवर, रोगप्रतिबंधाच्या सूचनेवर आणि श्रद्धांजलीच्या फलकावरही नाचू लागली, तेव्हा मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

कोणी म्हणेल, अर्थ कळला म्हणजे झाले; अक्षराच्या रूपाचे एवढे स्तोम कशाला? आम्ही उलट विचारतो, दंडारीत सोंग आले की मंडळी हसतात. तेच सोंग सुतकाच्या घरी शिरले तर कोण हसेल? शब्द वाचण्यापूर्वीच अक्षराचा सूर वाचकाच्या मनावर उमटतो.

शिवाय हा खेळकरपणा उसना आहे. पाट्या रंगविणारा पेंटर 'सालेकसा' लिहितो, तेव्हा त्याचे दोन 'स' तंतोतंत सारखे येत नाहीत. जागा उरली तर तो अक्षर ऐसपैस सोडतो, अपुरी पडली तर आखडून घेतो. ज्या ठशात अक्षराचे एकच रूप साठविलेले असते, त्यात प्रत्येक 'स' त्याच ठिकाणी विरलेल्या रेघेसह उमटतो. एकच विनोद शंभरदा सांगणाऱ्यास आपण खेळकर म्हणत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न वळणाचा. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट. म्हणून नागरी रेघेचा जाड-बारीकपणाही उलट दिशेचा. रोमन अक्षरे आधी काढून नागरी मागाहून त्यांच्या मापाने बेतली, की हा स्वभाव हरवतो. तो हरवलाच पाहिजे असे नाही. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील रंगविलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनी केलेला 'यात्रा' हा ठसा पाहावा; त्यात रोमन अक्षरेच नागरीच्या कलाने वळविली आहेत. आमच्याकडे मात्र मराठीचे स्वतःचे वळणही सांभाळले जात नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी मान्य केला. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांस लागून असलेल्या या जिल्ह्यात बाजार दोन्ही भाषांत चालतो, आणि हिंदीशी आमचे वैर नाही. पण मराठी शाळेच्या पाटीवरच 'शाळा' हा शब्द परक्या वळणाचा असेल, तर मुलाने गिरवावे काय?

मिठाईवाल्याने हे सोंग खुशाल घ्यावे. शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत यांनी साध्या, नीट, मराठी वळणाच्या अक्षरांत बोलावे. आणि ज्यास खरोखरच कुंचल्याची हौस आहे, त्याने पेंटरास बोलावून त्याच्या हाताची मजुरी द्यावी.