शंभर रुपयांच्या टी-शर्टाचा अतिचार



पर्युषण जवळ आलं की मंडळांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला : पाठशाळेच्या मुलांना प्रभावनेत एकसारखे टी-शर्ट द्यायचेत, शंभर रुपयांच्या आत कुठे मिळतील? दुसरा, कुठून तरी पुढे ढकललेला : बांगलादेशी कपड्यांवर बहिष्कार टाका. गंमत म्हणजे दोन्हींखाली हात जोडणाऱ्या बायका त्याच असतात. मला या दोन्ही मेसेजशी भांडायचं आहे.

आधी बहिष्काराचं बोलू. बांगलादेशात कापूस फारच थोडा पिकतो. तिथल्या कारखान्यांना लागणारं सूत आणि कापूस मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून जातो. त्याचे कपडे शिवून जगभर विकले जातात आणि त्यातले काही परत आपल्याकडे येतात. 2011 मध्ये आपल्या सरकारनं तिथल्या 46 प्रकारच्या कापड-कपड्यांवरचं आयात शुल्क माफ केलं होतं. मग 2025 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशानं आपलं सूत सीमेवरच्या नाक्यांमधून घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण उलट आदेश काढला की त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गानं येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातून येतील. ज्याला आपण ‘त्यांचा माल’ म्हणतो, त्यात आपला शेतकरी आहे आणि आपली सूतगिरणीही आहे. दोन सरकारांचं भांडण सरकारं बघून घेतील. मला काळजी आहे ती मशीनवर बसलेल्या बाईची, आणि तिच्याबद्दल बहिष्काराच्या मेसेजमध्ये एक अक्षर नसतं.

ही बाई कोण? बांगलादेशाच्या एकूण निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. या धंद्यात साधारण 40 लाख माणसं आहेत आणि त्यांत बायका जास्त. ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. 23 एप्रिल 2013 ला तिच्या भिंतींना तडे गेले. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं, कारण माल वेळेवर जायचा होता. त्या सकाळी इमारत कोसळली आणि 1,134 जीव गेले. त्याच्या पाच महिने आधी ताजरीन नावाच्या कारखान्याला आग लागली होती. तिथे 112 जण मेले. जिन्याकडची फाटकं कुलूपबंद होती.

आता आपल्या पहिल्या अणुव्रताचे अतिचार आठवा. प्रतिक्रमणात दरवेळी त्यांची आलोचना करतो ना आपण? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणी आपल्याला शिकवलं की हे बैलाबद्दल आहे, गड्याबद्दल आहे. मग कुलूप लावलेलं फाटक म्हणजे बंध नाही तर काय? तडे गेलेल्या मजल्यावर तासाला इतके नग म्हणून बसवणं हे अतिभारारोपण नाही? 2023 मध्ये तिथल्या कामगारांनी महिन्याला 23,000 टका मागितले आणि 12,500 ठरले. एवढ्यात घरभाडं, पोरांचं खाणं, दवाखाना भागवायचा, तर पोटाला चिमटा बसणारच. हे अन्नपाननिरोधापासून किती दूर आहे?

कुणी म्हणेल, ते आम्ही थोडंच केलं! बरोबर, आपण केलं नाही. पण पाप तीन वाटांनी लागतं : करून, करवून आणि अनुमोदन देऊन. शंभर रुपयांच्या आतच हवा, असं आपण म्हणतो तेव्हा काय करतो? त्या शंभरात सूत, विणाई, रंग, कपात, शिलाई, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा बसवायचा. सूत आणि डिझेल घासाघीस ऐकत नाही. शिवणारी ऐकते, कारण तिला पर्याय नसतो. आपली घासाघीस शेवटी तिच्याच अंगावर जाते.

‘मग बांगलादेशी नको, आपलंच घेऊ’ हेही उत्तर नाही. तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांमध्ये ‘सुमंगली’ नावाच्या पद्धतीनं गरीब घरच्या मुलींना लग्नासाठी एकरकमी पैशांचं आमिष दाखवून वर्षानुवर्षं वसतिगृहात अडकवून ठेवल्याचं उघड झालं होतंच. लेबलवर देशाचं नाव बदललं म्हणून अतिचार धुतला जात नाही.

आणि बहिष्कारानं तिचं भलं होतं का? तिचा कारखानाच बंद पडला तर ती कुठे जाईल? भलं झालं ते विचारल्यानं. राणा प्लाझानंतर जगभर गिऱ्हाइकांनी एवढा आवाज केला की दोनशेहून जास्त कंपन्यांना कामगार संघटनांशी इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा करार करावा लागला. हजाराहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली. विकत घेणारा बोलला की विकणारा ऐकतो.

‘आपल्या एका मंडळाच्या पन्नास टी-शर्टांनी काय होणार?’ हे वाक्य मी फार ऐकलंय. एका बटाट्यानं काय होणार, असं आपण म्हणतो का? बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणाऱ्या आपण, कपड्याच्या बाबतीतच एवढ्या मोकळ्या कशा?

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. प्रभावना कपड्याचीच हवी, असं कुठल्याही शास्त्रात नाही. एकदा घालून पोछा होणारा टी-शर्ट देण्यापेक्षा वही द्या, पुस्तक द्या. कपडाच द्यायचा असेल तर गावातल्या शिवणाऱ्या बाईला तिचा दर विचारा आणि तो न पाडता द्या. दुकानातून घ्यायचा असेल तर कमी घ्या, टिकेल असा घ्या, आणि दुकानदाराला विचारा, हा कुठे शिवला आणि शिवणारीला काय मिळालं? त्याला उत्तर येणार नाही. तरी विचारा, दरवेळी विचारा.

संवत्सरीला आपण 84 लाख जीवयोनींची क्षमा मागतो. सावरची ती बाई त्यात येते. तिची क्षमा मागायची असेल तर आधी तिच्या कष्टाची किंमत पाडणं थांबवूया.