मावशी आणि ४०४

परवा रात्री मावशीचा फोन. आवाज जरा घुश्शातच. "काय रे, ताईच्या पाककृती काढून टाकल्यास?" मी उडालोच. आई जाऊन सहा वर्षं झाली, तिची वही मीच टंकून साइटवर चढवली होती. झालं होतं एवढंच, की मी फायलींची नावं बदलली आणि मावशीनं जपून ठेवलेला जुना पत्ता मेला. तिला दिसलं इंग्रजीतलं 'नॉट फाउंड'. तिनं त्यातून काढलेला अर्थ: भाच्यानं वही रद्दीत घातली.

चूक माझीच. टिम बर्नर्स-लीनं १९९८ सालीच सांगून ठेवलंय, की पत्ते बदलू नका. बदललेच, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ द्या. ते मी त्याच रात्री केलं. पण मावशी पत्ता हातानं टाइप करते, एखादं अक्षर चुकणारच. तेव्हा काय दिसावं?

माझं मत असं, की अख्ख्या साइटला मिळून एकच 'क्षमस्व' पुरत नाही. माझ्याकडे तीन फोल्डर आहेत: आईच्या पाककृती, बाबांची पत्रं आणि माझी संगणकी खटपट. पुरणपोळी शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर ढकलून काय उपयोग? त्याला पाककृतींची यादीच हवी. अपाचेवर हे सोपं आहे. त्या फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल ठेवायची, आत एक ओळ: एररडॉक्युमेंट ४०४ आणि पुढे आपल्या पानाचा मार्ग. ती त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्यांना लागू होते, आत दुसरी असेल तर आतली जिंकते. मात्र सर्व्हरवर अलाऊओव्हरराइडची परवानगी हवी, अपाचे २.४ मध्ये ती मुळात बंद असते. एनजिनएक्स तर ही फाइल वाचतच नाही, तिथे मुख्य कॉन्फिगरेशनमध्येच लोकेशनवार लिहावं लागतं.

मी आधी एक घोळ घातला. मार्ग स्लॅशपासून न देता एचटीटीपीसकट पूर्ण पत्ता दिला. पान छान दिसलं, पण अपाचे अशा वेळी ४०४ न सांगता वाचकाला सरळ दुसरीकडे पाठवतो. म्हणजे पान हरवलंय हे सर्च इंजिनला कळतच नाही. हे मला खोटं बोलणं वाटतं. (त्या पानातल्या चित्रांचे मार्गही स्लॅशपासूनच द्या, नाहीतर पोटातल्या फोल्डरांत चित्रं गायब.)

बाबांच्या पत्रांचं वेगळं. काकांच्या सांगण्यावरून दोन पत्रं मी काढली. तिथे ४०४ नाही, ४१० दिलाय: होतं, आता मुद्दाम काढलंय. काका म्हणाले, तेही कशाला सांगायचं? मी ऐकलं नाही. पत्रं होती, हे मी नाकारणार नाही.

असो. काल मावशीचा पुन्हा फोन. पान उघडलं म्हणे. "पण पुरणात जायफळ लिहिलं नाहीयेस." वहीत नव्हतंच ते. "नसेल. ती हातानंच टाकायची."