नुसतं वाणाचं नाव सांगू नका!

मंडळी, २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, तेव्हापासून ताज्या बिअरची हौस आपल्याकडे वाढत गेली. आता आमच्या घरातली तरुण मंडळी जमली की त्यांच्यात दोन पक्ष पडतात. एक 'साझ'चा, दुसरा 'कॅस्केड'चा! ही हॉप्सची वाणं. हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांनी बिअरला कडवटपणा आणि वास येतो.

मी पीत नाही. पण राजूरला, बियाण्यांच्या जालना जिल्ह्यात राहतो. वाणाची गोष्ट निघाली की गप्प बसवत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. नुसत्या नावावरून भांडणं हा अडाणीपणा आहे.

ज्वारी पेरणारा आधी जमीन बघतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा दिली, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा. यातली 'सगळ्यात चांगली कोणती?' हा प्रश्नच चुकीचा!

हॉप्सचंही तेच. साझ हे चेक देशातलं जुनं वाण. त्यात कडू आम्ल साधारण ३ ते ४ टक्के. कॅस्केड अमेरिकेतलं, १९७२ साली बाजारात आलेलं; त्यात साधारण ५ ते ७ टक्के. वजन तेच ठेवून एकाच्या जागी दुसरं टाकलं तर कडवटपणा दीडपट-दुपटीवर जातो. शिवाय तासभर उकळलं तर कडवटपणा उतरतो, पण वास उडतो. शेवटी टाकलं तर वास टिकतो. मग 'आमच्यात कॅस्केड आहे' या वाक्यात कळलं काय?

आणखी एक. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, म्हणून ती आपल्याकडे फारशी पिकत नाही. माल येतो दुरून आणि उष्णतेनं त्यातलं आम्ल आणि वास दोन्ही उतरत जातात. म्हणजे वाण उत्तम असूनही पेल्यात शिळा पाला!

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत छापावी लागते. ती न वाचता नावावर भुललेले आणि दुबार पेरणीला लागलेले शेतकरी मी पाहिलेत. बिअरचं नुकसान त्या मानानं काहीच नाही, पण सवय तीच. पाटीवर नाव मोठं दिसलं की आपण विचारायचं थांबतो.

तेव्हा पोरांनो, पैसे मोजताय तर विचारा. कोणत्या सालची तोड? आम्ल किती? थंडीत ठेवलं होतं का? उकळीत कधी टाकलं? उत्तर आलं तर खुशाल वाद घाला. नाही आलं, तर तुम्ही वाण निवडलेलंच नाही, पाटी निवडलीय.

असो. रागावू नका, पण विचारा जरूर.