सोळा तासांचं अंतर

‘‘मुंबई ते न्यूयॉर्क अवघे सोळा तास! जग किती जवळ आलंय!’’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाशी माझं वैर आहे. आमचे थोरले बंधू त्यांपैकीच एक.

मुळात ते साडेबारा हजार किलोमीटर हाच आकडा फसवा. तो पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेला. विमान काही दोऱ्यावरून जात नाही. वारा, वादळं आणि वाटेतल्या राष्ट्रांची मर्जी पाहून वळसे घेतं. बरं, वेळ तरी एकच? छे! येताना तास-दीड तास कमी, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. जमेला एक आणि नावेला दुसरीच रक्कम असं खातं मी लिहिलं असतं, तर मॅनेजरनं रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं असतं मला!

शिवाय सोळा तास हे नुसतं मुद्दल. डोंबिवलीहून विमानतळ, तीन तास आधीची हजेरी, अलीकडच्या रांगा, पलीकडच्या रांगा, हे व्याज कोण धरणार? आणि रजा?

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली. मुका मारच होता, म्हणून बरं. दादा फोनवर म्हणाला, ‘‘घाबरू नकोस, सोळा तासांत पोचतो.’’ त्याच्या साहेबानं चार दिवसांनी रजा दिली, मग तिकीट मिळेना. दादा आठव्या दिवशी दारात. दार काठी टेकत आईनंच उघडलं.

‘‘अरे, विमान बंद पडलं होतं का वाटेत?’’