पाण्याचा ताळेबंद

द्रोणागिरीत घर वा गाळा घेताना आपण मालकीहक्काची कागदपत्रे बारकाईने तपासतो. पावसाचे पाणी कोठे जाते, हे मात्र विचारत नाही. नवी मुंबईच्या सखल भागांसाठी सिडकोने धारण तलाव योजले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात अल्पमुदतीच्या ठेवीसारखे थांबते आणि ओहोटीला खाडीत उतरते. तलाव बुजला, तर तेच पाणी वस्तीत शिरते. बेलापुरात १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी लहान घरे मोकळ्या चौकांभोवती रचली आणि वसाहतीच्या मधून पावसाळी ओहळ वाहता ठेवला. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने आराखड्यात प्रथम पाण्याची वाट आखावी. खरेदीदारानेही बयाणा देण्यापूर्वी तीच पाहावी.