नाकाताचं पत्र

मंडळी, फुटबॉलवर लिहिणाऱ्यांतला मी नव्हे. ऑफसाइड म्हणजे काय हे अजूनही पुतण्याला विचारावं लागतं. पण परवा दादाशी फोनवर बोलताना एक जुना विषय निघाला आणि हिदेतोशी नाकाता आठवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाकाता हा जपानचा मिडफिल्डर. १९९८ च्या वर्ल्ड कपनंतर तो इटलीत पेरुज्याकडे गेला आणि लीगच्या पहिल्याच सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. (पेरुज्या ३-४ हरलं, ते सोडा.) पुढे २००१ साली रोमा लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता.

पण त्याच्यावरचा लोकांचा जीव नुसत्या गोलांमुळे नव्हता. पत्रकारांशी त्याचं कधी जमलं नाही. आपण बोलतो एक आणि छापून येतं भलतंच, ही त्याची तक्रार. म्हणून १९९८ मध्येच त्याने स्वतःची वेबसाइट काढली, नाकाता डॉट नेट, आणि चाहत्यांसाठी तिथे स्वतः लिहू लागला. त्या काळी आपण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हॉटमेल उघडायचो! टीव्हीवर घुम्यासारखा बसणारा हा माणूस तिथे मोकळा व्हायचा. लोक वाचायला येणारच की.

२००६ च्या वर्ल्ड कपमध्ये २२ जूनला डॉर्टमुंडला ब्राझीलने जपानला ४-१ हरवलं. सामना संपल्यावर नाकाता मैदानात उताणा पडून राहिला, कितीतरी वेळ. आणि ३ जुलैला त्याने वेबसाइटवर पत्र टाकलं: मी थांबतोय. वय वर्षं २९. सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं म्हणे. त्या पत्रात त्याने असंही लिहिलं, की प्रोफेशनल झाल्यापासून 'फुटबॉल आवडतं का?' असं कुणी विचारलं तर सरळ 'हो' म्हणता येत नव्हतं.

माझ्या मते हे वाक्य पत्रकार परिषदेत निघालंच नसतं. पहिल्याच शब्दाला कुणीतरी माइक पुढे केला असता. आठ वर्षं ज्यांनी त्याचं लिहिलेलं वाचलं, त्यांना ते आधी कळलं, यात मला शिष्टपणा दिसत नाही. तो त्यांचा हक्कच होता.

तर दादाचा विषय. मी नोकरी सोडली तेव्हा इथे एक लांबलचक पोस्ट टाकली होती, आठवत असेल. तुम्ही भरभरून प्रतिक्रिया दिल्यात. दादाला मात्र ती त्याच्या मेव्हण्याने पाठवली. रात्री फोन आला, "अरे, मला मेव्हण्याकडून कळावं?" मी तेव्हा त्याला नाकाताचा दाखला दिला होता. समोरासमोर नीट सांगता येत नाही, लिहिलं की जमतं, वगैरे वगैरे. दादा म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

परवा त्याने तेच हसत हसत काढलं. आणि मला जाणवलं की दाखला चुकलाच होता. नाकाताने तोंड फिरवलं ते त्याचं बोलणं वाकडं करून छापणाऱ्यांकडून. दादाने माझं काय वाकडं छापलं होतं? मला भीती होती ती त्याच्या "मग आता पुढे काय?" या प्रश्नाची. पोस्टला तो प्रश्न विचारता येत नाही, एवढीच तिची सोय.

असो. पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय. दादाला आधीच फोन करून सांगितलंय.